गंभीर आजारात खरं सांगणारी माणसं: तुमचे अनुभव लिहा

घरात मोठं आजारपण आलं की धीर देणारे पुष्कळ भेटतात. खरं काय ते सांगून आपलं काम चोख करणारे डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी मोजकेच. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा, दुसऱ्याला तेच उपयोगी पडतं.

माझ्यापासून सुरुवात करते. आईचा फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला कळला. डॉक्टरीणबाई आईसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "सगळं तुम्हालाच सांगू, की मुलीशी बोलू?" आई म्हणाली, "मलाच सांगा." आजार पूर्ण जाणार नाही, त्रास मात्र आटोक्यात ठेवता येईल, हे त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं. लगेच पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चिठ्ठीही दिली. मला वाटलं, आता उपचार बंद! तर म्हणाल्या, केमो चालूच राहील. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या २०१० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दलही त्यांनीच सांगितलं. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरची जोड मिळालेल्या रुग्णांचे दिवस बरे गेले आणि ते इतरांपेक्षा साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. आईने मग बँकेची कामं उरकली, मावशीशी जुना अबोला सोडला, कुणाला काय द्यायचं ते स्वतः ठरवलं. खोटी आशा दिली असती तर यातलं काही झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

*

बाबांना पक्षाघात झाल्यावर घरी ब्रदर ठेवले. पहिल्याच दिवशी त्यांनी माकडहाडावरचा लाल डाग दाखवला. "दाबल्यावरही लाली जात नाही, ही बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. फोटो काढून ठेवा." दर दोन तासांनी कूस बदलून ते वहीत वेळ लिहीत. एका सकाळी वहीत होतं: "रात्री ३ ला कूस बदलली नाही, झोप लागली." त्या ओळीनंतर मी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला.

*

मी स्वतः ल्युकेमियाची पेशंट. सिस्टरनी पहिल्या केमोआधी बजावलं, "केस जातील, तोंड येईल. ताप १००.४ झाला तर मध्यरात्रीही निघून यायचं. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असतात, इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं." घरचे मला घाबरवल्याबद्दल त्यांच्यावर चिडले. पण पुढे ताप आला तेव्हा काय करायचं ते मला पाठ होतं, आणि वेळेवर अँटिबायोटिक सुरू झालं.

*

एक मात्र सांगतो. आम्हाला एकाने कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितलं, "उपयोग नाही, घरी न्या." खरंच होतं ते. पण पुढे दुखलं तर काय द्यायचं, रात्री फोन कुणाला करायचा, काहीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, पण मॉर्फिन कसं द्यायचं, त्याने बद्धकोष्ठ होतं म्हणून सोबत कोणतं औषध लागेल, हे लिहून दिलं. मी सरळपणा म्हणतो तो याला.

*

शेवटच्या दिवसांत सासूबाईंचं खाणं सुटलं. सगळे चमचा घेऊन मागे लागलेले. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आता भरवू नका. गिळता येत नाही त्यांना, ठसका लागून छातीत जाईल. तोंड ओलं करत राहू." नातेवाईकांना राग आला, त्या बधल्या नाहीत. नर्सनेही नंतर तेच सांगितलं. मावशी अजून हे काम करतात. कुणी विचारलं की मी त्यांचंच नाव सुचवते आणि सांगते, त्या विचारतील ते काही न लपवता सांगा.