हरकती-सूचना मागवता तरी कशाला?

गल्लीतला:
आमच्या महापालिकेने (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) आमच्या इथल्या शाळेच्या आरक्षणाचा प्लॉट बदलून पार्किंगला दिला. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली, मंजूर आराखड्यात किरकोळ बदल म्हणून. नोटीस आली पेपरात आतल्या पानावर, टेंडरांच्या गर्दीत, आणि त्यात काय तर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि "नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल". आता आपल्या गल्लीचा सर्व्हे नंबर पाठ असलेला माणूस मला दाखवा. कायद्याने एक महिना मिळतो, आम्हाला कळेपर्यंत निम्मा उलटून गेला होता, तरी लोकांनी हरकती दिल्या, आवक शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीला दहा-दहा जणांना एकदम आत सोडलं, बोलायला लागलो तर साहेब म्हणतात लेखी दिलंय ना, मग झालं. त्यानंतर डायरेक्ट मंजुरी. हरकत मान्य का अमान्य, अमान्य तर का, एका ओळीचं पत्र नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं ठरवून झाल्यावर विचारायचं हे नाटक बंद करा.

जुना ओव्हरसियर:
मी नगररचना खात्यातच नोकरी केलीय म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, २०१३ ला हरकतींसाठी खुला केला तेव्हा ८७ हजार हरकती आल्या. ८७ हजार! त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे हरकती ऐकायला नियोजन समिती बसते, स्थायी समितीचे तीन आणि बाहेरचे तज्ज्ञ जास्तीत जास्त चार. सात माणसांनी एवढ्या लोकांना कसं ऐकायचं सांगा. शेवटी तो आराखडा २०१५ ला राज्य सरकारने स्वतःकडे घेतला आणि मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. तोवर मोकळ्या जागांवर काय काय उभं राहिलं असेल ते तुम्हीच बघा. आणि हरकती कसल्या असतात तेही सांगतो, आमच्या टेबलावर एकाच छापील अर्जाच्या गठ्ठ्याने कॉप्या यायच्या, खाली फक्त सह्या वेगळ्या. रस्ता पाहिजे सगळ्यांना, पण शेजाऱ्याच्या कंपाउंडमधून.

गल्लीतला:
काका, ८७ हजार लोकांना लिहावंसं वाटलं यात दोष लोकांचा का आराखड्याचा? मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ चा मसुदा आठवा. गावठाणं, वारसा इमारती, सगळ्यात घोळ, लोकांनी बोंब मारली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ ला आला. लोक गप्प बसले असते तर तोच गळ्यात पडला असता. आणि छापील अर्जाचं म्हणाल तर ज्याला सरकारी मराठी लिहिता येत नाही त्याने काय करायचं?

पेठेतली सूनबाई:
मी मधलं बोलते. लोकांना विचारा म्हणणं सोपं आहे हो, पण विचारल्यावर येतं कोण? पुण्यात २०१८ ला पार्किंग पॉलिसी आली होती, रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे. इतका आरडाओरडा झाला की शेवटी पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून मंजूर केली आणि तीही कागदावरच राहिली. ओरडत होते कोण, गाडीवाले आणि पक्षवाले. ज्या बाईला पोरगं कडेवर घेऊन फुटपाथवरच्या बाईक चुकवत चालायचंय ती कुठल्या सुनावणीला जाणार, सकाळी अकराला, मंगळवारी?

माळावरून:
शहरवाल्यांचं काय बघता, आमच्याकडे ग्रामसभा हाय की. वर्षाला किमान चार, कोरम शंभर माणसं किंवा १५ टक्के मतदार, जे कमी असेल ते. आता गंमत ऐका. सभेची वेळ अशी लावायची की समदी रानात. माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! मग सरपंच, ग्रामसेवक आणि सरपंचाचे चार पाव्हणे बसून सगळे ठराव मंजूर. सह्या मागाहून घरोघरी. कायदा एक नंबर आहे, वापरणारे दोन नंबर.

जुना ओव्हरसियर:
बघा, म्हणजे अधिकार दिला तरी लोक येत नाहीत. मी तेच म्हणतोय.

माळावरून:
येत नाहीत नव्हं, येऊ देत नाहीत, दोन्हीत फरक हाय साहेब. जिथं मताला किंमत असती तिथं माणसं येत्यात. आडवी बाटलीचं मतदान बघितलंय का कधी? दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत द्यायचं. निम्म्या म्हणजे आलेल्यांतल्या नव्हं बरं का, यादीतल्या. जी मुंबईला कामाला गेली, जी मेली पण यादीत हाय, ती समदी उभ्या बाटलीच्या खात्यात. तरी बाया रांगा लावत्यात. कारण निकाल लागला की दुकानाला कुलूप, कुणाचा अभिप्राय बिभिप्राय नाही.

पेठेतली सूनबाई:
हा मुद्दा पटला, त्या मतदानाला निकाल असतो, हरकतीला नुसती पोच असते. पण दादा, समजा एखादा पूल बांधायचाय, त्याचं असं मतदान घेता येईल का? पूल ज्याच्या दारात पडतो तो एक वॉर्ड, वापरणार सगळं शहर. कुणाचं मत धरायचं?

गल्लीतला:
त्यासाठीच क्षेत्रसभा होती ना, शहरातली ग्रामसभाच म्हणा, आपापल्या भागातल्या मतदारांची. २००९ ला महापालिका कायद्यात घातली. तीही मनापासून नाही, जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेतला केंद्राचा पैसा पाहिजे होता आणि लोकसहभागाचा कायदा करा ही अट होती म्हणून. कुणी मला आपल्या भागातली क्षेत्रसभा दाखवावी, माझ्याकडून मिसळ. आणि २०२२ च्या मार्चपासून पुढं कितीतरी महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक एकटाच स्थायी समिती आणि एकटाच मुख्य सभा, म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. दाद मागायची कुणाकडे?

फोंड्याहून:
आमच्याकडे गोव्यात २००७ च्या सुरवातीला लोक रस्त्यावर आले आणि सरकारला रीजनल प्लॅन २०११, म्हणजे अख्ख्या राज्याचा जमीन वापराचा आराखडा, मागे घ्यावा लागला. ते काही अर्ज भरून झालं नाही. एवढंच सांगायचं होतं, चालू द्या.

जुना ओव्हरसियर:
रस्त्यावर उतरून प्लॅन मागे घेता येतो, तयार करता येत नाही. असो. गल्लीतले साहेब, तुमच्या कामाचं सांगतो. सुनावणीनंतर तक्ता बनतो, हरकत नंबर, सारांश, अधिकाऱ्याचा अभिप्राय. आम्ही तरी बनवायचो. माहिती अधिकारात तो मागा, नुसतं "माझ्या हरकतीचं काय झालं" असं विचारू नका, उत्तर येईल कार्यवाही चालू आहे.

गल्लीतला:
मागतो. पण असा तक्ता असतोच तर वेबसाईटवर टाकायला काय धाड भरते?

जुना ओव्हरसियर:
टाकला की जो तो अभिप्राय वाचून कोर्टात जाईल.

गल्लीतला:
जाऊ दे की मग. अभिप्राय धड लिहिला असेल तर घाबरायचं कशाला?