जुन्या एमएम ५४० ला मोठे इंजिन बसवावे का?

जावळीकर

नमस्कार. माझ्याकडे १९९३ सालची महिंद्रा एमएम ५४० ही फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. तिला अजून मूळचेच २११२ सीसीचे पूज्यो डिझेल इंजिन आहे. आमची शेती मेढ्याच्या पलीकडे आहे. त्यामुळे खताची पोती किंवा भाताचे पेंढे घेऊन चढ चढणे हे तिचे रोजचे काम असून महिन्या-दोन महिन्यांतून केळघर घाटाने महाबळेश्वरलाही जावे लागते. अलीकडे भरलेल्या गाडीला घाटात दम राहत नाही. तिसरा गिअर टाकला की ती मरायला लागते, दुसऱ्यात ओरडत चढते आणि मागे काळा धूर सोडते. सपाटीवर मात्र फारशी तक्रार नाही. मागच्या उन्हाळ्यात ३१ इंची टायर चढवले, त्यांचा चिखलात फार चांगला उपयोग होतो.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे महिंद्राचेच २५२३ सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारे) इंजिन, जे जुन्या बाजारात सहज मिळते आणि गावोगावच्या फिटरला तोंडपाठ असते. दुसरा म्हणजे आधीच्या थारमधील २४९८ सीसीचे सीआरडीई (डिझेलचा फवारा संगणकाने नियंत्रित होणारे) टर्बो इंजिन. गिअरबॉक्स आणि हाउसिंग (दोन चाकांमधला, आत गिअर असलेला अॅक्सल) हा वाढीव जोर सोसतील का, आणि आरटीओच्या दृष्टीने हे कितपत चालते, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पानापेंचीस (कराड)

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या टायरच्या वाक्यात आहे, म्हणून इंजिनाआधी तिथूनच सुरुवात करतो.

या जीपला मुळात ६.००-१६ मापाचे टायर येत असत, ज्यांचा व्यास साधारण २८ इंच भरतो. त्या जागी ३१ इंची टायर आले म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते. दुसऱ्या शब्दांत, तुमचा प्रत्येक गिअर तेवढा उंच झाला आहे आणि चाकापाशी मिळणारी ओढ त्याच प्रमाणात कमी झाली आहे. साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनाला भरल्या गाडीनिशी घाटात हा फरक फार जाणवतो. स्पीडोमीटरही आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत असेल.

आता डीआय इंजिनाविषयी. त्याचा सीसी जास्त आहे, म्हणून ताकदही जास्त असेल, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात अश्वशक्ती जवळपास पूज्योइतकीच आहे. ट्रॅक्टरच्या कुळातले, लांब स्ट्रोकचे हे इंजिन (८८.९ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि १०१.६ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल) इंजिनाच्या कमी फेऱ्यांना चांगले ओढते आणि डिझेलही कमी पिते, पण त्याची कमाल शक्ती मिनिटाला ३२०० फेऱ्यांनाच संपते. पूज्यो त्याच्या बरेच वर फिरते. क्राउन-पिनियनचे (हाउसिंगमधल्या दातेरी जोडीचे) गुणोत्तर ४.८८ आणि टायर २८ इंची धरला, तर टॉप गिअरमध्ये ३२०० फेऱ्यांना वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास येतो, तर ४००० फेऱ्यांना तो ११० येतो. म्हणजे मोठे इंजिन बसवून महामार्गावरचा वेग कमी करून घेणारे लोक असतात, आणि मग ते क्राउन बदलायला येतात. शिवाय डीआयचा हादरा चेसिसच्या प्रत्येक बोल्टपर्यंत पोहोचतो. माउंटिंगचे रबर आणि सायलेन्सरचे ब्रॅकेट वरचेवर बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

सीआरडीईची गोष्ट अगदी वेगळी आहे. १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे तुमच्या सध्याच्या टॉर्कच्या दुपटीच्या घरात. टर्बो असल्यामुळे महाबळेश्वरच्या सुमारे १३५० मीटर उंचीवर हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची दहा-बारा टक्के शक्ती जाते, तशी त्याची फारशी जात नाही. पण ते एकटे येत नाही. त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर, इंटरकूलर, मोठा रेडिएटर आणि त्याचाच गिअरबॉक्स घ्यावा लागतो, कारण जुना चार गिअरचा बॉक्स आणि जुनी क्लच प्लेट यांच्यावर एवढा टॉर्क सोडणे मला पटत नाही. गिअरबॉक्सची लांबी बदलली की पुढचे-मागचे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (हाउसिंगपर्यंत शक्ती नेणारे दांडे) नव्या मापाचे करावे लागतात, आणि मागचा फार आखूड झाला तर युनिव्हर्सल जॉइंटचा कोन बिघडतो. एवढे करूनही चारही चाकांना जुनेच ड्रम ब्रेक राहतात, तेही बूस्टरशिवाय.

काळ्या धुराचा अर्थ सरळ आहे. जेवढे डिझेल आत जाते आहे तेवढे जळत नाही. नोझल (डिझेल फवारणारी तोटी) टेस्टरवर तपासून घ्या, पंप कॅलिब्रेट करा, एअर फिल्टर पाहा आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. एखाद्याच सिलिंडरचे कॉम्प्रेशन पडले असेल, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चारही एकसारखे खाली असतील, तर मात्र बोअर-पिस्टनचे काम निघेल. तेही मोठ्या इंजिनाच्या निम्म्याहून कमी खर्चात होते.

कृष्णाकाठ (सांगली)

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, त्यामुळे मी कायद्यापुरतेच लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. इंजिनाची क्षमता हा त्याच तपशिलांतला भाग आहे. सीएनजी किंवा एलपीजी किटसारख्या इंधनबदलाला कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे, परंतु डिझेलच्या जागी मोठे डिझेल हे त्यात बसत नाही. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर आरटीओकडे आधी अर्ज करून, इंजिनाच्या खरेदीचे बिल जोडून, आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून घेणे हा रास्त मार्ग आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. मला मात्र दंडापेक्षा विम्याची काळजी अधिक वाटते, कारण गाडी आरसीशी जुळत नसेल तर अपघाताचा दावा अडू शकतो. शिवाय तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्या वेळी तपासणी होतेच. निरीक्षकाने चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहिले की प्रकरण तिथेच अडते. ‘डीआय काय आणि पूज्यो काय, दोन्ही महिंद्राच’ हे गॅरेजमध्ये ऐकू येणारे वाक्य त्या टेबलावर चालत नाही. भंगार बाजारातील इंजिन घेणारच असाल, तर ते कोणत्या गाडीतून निघाले याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

रानवाट (मिरज)

वरच्या दोघांचे म्हणणे मान्य करूनही सांगतो की सीआरडीई बसवलेली जीप घाटात चालवण्याची मजा वेगळीच आहे. आमच्या मित्रमंडळातली अशी एक गाडी कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमध्ये, दोन माणसे बोलत असताना, आवाज न चढवता चढते. पण उतारावर तीच गाडी चालवताना मी गप्प बसतो, कारण वेग पटकन वाढतो आणि ब्रेक जुन्या काळचे आहेत. शेतीच्या कामाला, पोती लादून, मी ती वापरणार नाही.

जावळीकर

सर्वांचे आभार. काल हाउसिंगचे गुणोत्तर पाहण्याचा प्रयत्न केला. गुणोत्तर लिहिलेली प्लेट कधीच गळून पडलेली असल्याने मागचे एक चाक जॅकवर उचलले, दुसऱ्याला पुढून-मागून दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून उचललेले चाक दोन फेऱ्या फिरवले. रेघ पाच फेऱ्या पूर्ण करण्याच्या किंचित अलीकडे थांबली. याचा अर्थ ४.८८ असा घ्यावा का? तसे असेल, तर मूळ मापाचे टायर परत लावायचे की क्राउन-पिनियन बदलायचे? चिखलातला फायदा सोडायला मन होत नाही.

पानापेंचीस (कराड)

बरोबर मोजले आहे, ते ४.८८ च आहे. क्राउनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात. तुम्ही ५.३८ चा, म्हणजे ४३ आणि ८ दातांचा संच बसवलात, तर टायरने खाल्लेले जवळजवळ सगळे परत मिळते आणि ३१ इंची टायरही राहतात. फक्त तो संच पुढच्या आणि मागच्या दोन्ही हाउसिंगमध्ये एकाच वेळी बदला. एकाच बाजूला बदलून फोर व्हील टाकलीत, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतील आणि कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीचे) तुकडे होतील. जुना संच घेताना क्राउन आणि पिनियन जोडीचेच आहेत, याची दोघांवर कोरलेला जुळणी क्रमांक पाहून खात्री करा, आणि बसवताना बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर लावणाऱ्या माणसाकडेच काम द्या. अंदाजाने शिम (पातळ चकत्या) टाकलेले हाउसिंग पहिल्याच पावसाळ्यात रडायला लागते.

पण त्या आधी नोझल आणि कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचे आकडे आले की इथे टाका, मग बोअरचे काम काढायचे की नाही ते ठरवू.