मदत हवी आहे : गोदाघाटावर पेटी वाजवण्यासाठी स्पीकरची परवानगी

सर्वांना नमस्कार. मी गेली तीन वर्षे रामकुंडापासून थोड्या अंतरावर रोज सायंकाळी पेटी वाजवतो आणि समोर अंथरलेल्या उपरण्यावर लोक जे ठेवतात, त्यातून घरखर्चाचा काही भाग निघतो. सकाळी रियाज, दुपारी पेटीची डागडुजी (पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगून अडकतात, तो ताप वेगळाच) आणि आरतीनंतर दोन तास वादन, असा माझा दिवस असतो.

घाटावरच्या गर्दीत पेटीचा आवाज चार पावलांपलीकडे पोहोचत नाही, म्हणून मी बॅटरीवर चालणारा लहान स्पीकर आणला. परंतु दुसऱ्याच दिवशी तो मला बंद करायला लावण्यात आला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर वाजवता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे मी नंतर वाचले. त्यामुळे चूक माझीच होती.

मात्र एका दिवसाच्या कार्यक्रमाची परवानगी कशी काढावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रोज, मंडपाशिवाय, एकट्याने वाजवणाऱ्याने अर्ज पोलीस ठाण्यात करावा की महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात, हे कोणी सांगत नाही. आपल्यापैकी कोणी अशी परवानगी काढली असल्यास अर्जाला काय जोडले आणि मुदत किती मिळाली, हे कृपया कळवावे. स्पीकरशिवाय आवाज लांब नेण्याची एखादी युक्ती असल्यास तीही चालेल.