पोटॅशियम वाढलं की आधी कॅल्शियम, पण का?
वैद्यकीय परीक्षेत 'हायपरकलेमियात (रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर) आधी काय द्यायचं' असा प्रश्न येतो, त्यावर इथे दोघांनी लिहिलंय की पहिलं उत्तर इन्सुलिन-ग्लुकोज. ईसीजी (हृदयाचा आलेख) नॉर्मल असेल तर ठीक, पण प्रश्नात त्या आलेखातले बदल, म्हणजे उंच टोकदार टी वेव्ह, पी वेव्ह गायब, क्यूआरएस हा भाग रुंद असं काही दिलं असेल तर आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, यात शंकाच नको. मी स्वतः सराव परीक्षेत इथेच दोनदा चुकले, कारण कॅल्शियमने पोटॅशियम कमी होतं असं डोक्यात बसलं होतं. ते होत नाही! कॅल्शियम फक्त हृदयाच्या पेशींचं आवरण स्थिर करतं, असर 1 ते 3 मिनिटांत दिसतो आणि साधारण 30 ते 60 मिनिटंच टिकतो, तेवढ्या वेळात बाकीचे उपाय चालू करायचे असतात.

आणि इन्सुलिनसुद्धा पोटॅशियम शरीराबाहेर काढत नाही बरं का, नुसतं पेशींच्या आत ढकलतं, साल्ब्युटामॉलचंही (दम्यात देतात ते औषध) तेच. बाहेर काढायला लघवी वाढवणारं औषध, बाइंडर (आतड्यात पोटॅशियम बांधून ठेवणारं औषध) नाहीतर डायलिसिस, म्हणून 'शरीरातलं एकूण पोटॅशियम कशाने कमी होईल' असं विचारलं की उत्तर बदलतं. अजून एक, पेशंट एकदम ठणठणीत, किडनी, ईसीजी सगळं नॉर्मल आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम 6.8, तर सॅम्पल हिमोलाइझ झालंय का (म्हणजे नमुन्यातल्या रक्तपेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलंय का) बघा, तिथे उत्तर 'टेस्ट परत करा' असतं.