गंगावेशीतली धार अजून चालू आहे
बरीच वर्षं बाहेर काढून परतलं की आपलंच गाव परकं वाटतं, असं दोघातिघांनी लिहिलंय. कोल्हापूरबाबत मला ते अर्धंच पटतं. रंकाळा तलावाभोवतीची गर्दी बघून मीही बावरलो, पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी अजून उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळलेला पेला थेट हातात देतात, कोमट, काठोकाठ!

जीव तुटला तो केशवराव भोसले नाट्यगृहापाशी. शाहू महाराजांनी बांधलेलं हे १९१५ सालचं थिएटर ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं, तेही गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानालाही झळ बसली. नवे मॉल कितीही होवोत, हे नाट्यगृह मात्र होतं तसंच उभं राहायला हवं.