मदत हवी आहे: मुलाला मायनर लीग आइस हॉकीत असिस्टंट कोचची नोकरी मिळतेय, काय काय विचारून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही पेनसिल्व्हेनियात, हर्शीजवळ राहतो. धाकटा मुलगा २४ वर्षांचा, सिव्हिल इंजिनीअर, नोकरीला दोन वर्षं झाली. ईसीएचएल या व्यावसायिक आइस हॉकीच्या खालच्या लीगमधल्या एका संघाने त्याला असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आमच्या ओळखीत या क्षेत्रातलं कुणीच नाही, म्हणून इथे विचारतेय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: इथल्या व्यावसायिक आइस हॉकीत सगळ्यात वर एनएचएल ही लीग, तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल. एएचएलमध्ये बरेचसे खेळाडू वरचा संघच पाठवतो आणि भर मोसमात वर बोलावूनही घेतो. ईसीएचएलमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी कोचच खेळाडू शोधतो, करार करतो, आठवड्याच्या पगाराची मर्यादा सांभाळतो, पोरांच्या राहण्याची सोयही बघतो. हाताखाली बहुधा एकच असिस्टंट. मोसमात ७२ सामने आणि प्रवास बसने. म्हणजे असिस्टंटच्या वाट्याला काय काय येत असेल याचा अंदाज करा.

मुलगा लहानपणापासून हर्शी बेअर्स या आमच्या इथल्या एएचएल संघाचे सामने बघत वाढला. स्वतः फक्त कॉलेजच्या क्लबपर्यंत खेळला, पण गेली पाच वर्षं चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतोय. यूएसए हॉकीचं कोचिंगचं चौथ्या पातळीपर्यंतचं प्रशिक्षणही पूर्ण केलंय. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्या मुलांच्या सामन्याची एकच क्लिप पुढे-मागे, पुढे-मागे. पोहे गार झाले. मी काही म्हणायच्या आत मला म्हणाला, "आई, हे बघ. हा पककडे (हॉकीची रबरी चकती) जाताना मागे वळून बघतच नाहीये. गोल नंतर झाला, पण चूक इथे झाली." पुढच्या शनिवारी मी रिंकवर होते. त्याच मुलाने पकपर्यंत पोचायच्या आधी खांद्यावरून मागे बघितलं आणि बरोबर उलट्या बाजूला वळला. माझा मुलगा बाकामागे उभा होता, त्याने हातातला छोटा पांढरा बोर्ड काखेत धरला आणि नुसती मान हलवली. त्याचा तो चेहरा मी ऑफिसच्या कामाबद्दल बोलताना कधी पाहिलेला नाही.

या खालच्या लीगमधून एनएचएलपर्यंत पोचलेल्या कोचची तो दोन नावं सांगतो. स्पेन्सर कार्बरी २०१०मध्ये ईसीएचएलच्या साउथ कॅरोलिना स्टिंगरेजमध्ये असिस्टंट होते, मग तिथेच मुख्य कोच, २०१८ ते २०२१ आमच्या हर्शीत, आणि २०२३मध्ये एनएचएलच्या वॉशिंग्टन कॅपिटल्सचे मुख्य कोच. म्हणजे तेरा वर्षं, आणि ते स्वतः व्यावसायिक खेळाडू होते. दुसरे जॉन कूपर. ते व्यावसायिक हॉकी खेळलेच नव्हते. मिशिगनमध्ये वकिली करता करता शाळेच्या संघाला शिकवायचे. २०१२मध्ये एएचएलच्या नॉरफॉक अ‍ॅडमिरल्सला कॉल्डर कप (एएचएलचं विजेतेपद) मिळवून दिला, त्या मोसमात सलग २८ सामने जिंकले, आणि पुढच्याच वर्षी एनएचएलच्या टॅम्पा बेला मुख्य कोच म्हणून गेले. मला दोघांबद्दल आदर आहे. पण दहा वर्षं बसमध्ये काढून जे तिथेच राहिले, त्यांचं पुढे काय होतं, हे मला कुणी सांगत नाही.

आता अडचण. आमच्या आरोग्य विम्यात तो २६ वर्षांचा होईपर्यंतच राहू शकतो. इंजिनीअरच्या लायसन्ससाठी चार वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली दोन झालीत. नवऱ्याचं म्हणणं, आधी लायसन्स घे, मग जा. मुलगा म्हणतो, ही जागा दोन वर्षं थांबणार नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच झोप लागत नाहीये.

कुणाच्या घरात किंवा ओळखीत मायनर लीगमध्ये, कुठल्याही खेळात, काम केलेलं कोणी आहे का? करार फक्त मोसमापुरता असेल तर उन्हाळ्यात लोक काय करतात? मुख्य कोचला काढलं तर असिस्टंटलाही जावं लागतं का, आणि तसं झालं तर उरलेल्या पगाराचं कलम आधीच लिहून घेता येतं का? घर आणि विमा संघाकडे मागितला तर गैर दिसेल का? आणि सिव्हिलवाल्यांनो, दोन वर्षं खंड पडल्यावर परत घेतात का, तेही सांगा. तुम्ही जे लिहाल ते मी त्याला वाचून दाखवणार आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहा.