समुद्रपुष्प टाकीत आणण्यापूर्वी पंप आणि हीटर कसे सुरक्षित करावेत?

प्रश्न:
माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दीड वर्षापासून स्थिर आहे. तीत क्लाऊनफिशची एक जोडी, काही मऊ प्रवाळ आणि भरपूर खडक आहे. आता बबल टिप जातीचे एक समुद्रपुष्प, म्हणजेच सी ॲनिमोन हा खडकाला चिकटणारा, पण जागा बदलू शकणारा फुलासारखा प्राणी, आणण्याचा विचार आहे. परंतु पंपात ओढले जाऊन एका रात्रीत चिंध्या झालेल्या समुद्रपुष्पांची वर्णने वाचल्यापासून माझे मन धजावत नाही. टाकीत दोन्ही बाजूंच्या काचांवर एकेक वेव्हमेकर, म्हणजे प्रवाह निर्माण करणारा पंप, आहे, मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी खाली उतरवणारा मार्ग, आहे आणि हीटर टाकीतच उभा आहे. रात्री माशांना शांतता मिळावी म्हणून दोन्ही वेव्हमेकर टायमरवर सहा तास बंद ठेवतो. वेव्हमेकरच्या जाळीवर स्पंज बसवला तर तेवढे पुरेसे होईल का?

पहिले उत्तर:
आपण समुद्रपुष्प आणण्याआधी हा प्रश्न विचारलात, याचे मला मनापासून समाधान वाटले. मी माझे पहिले समुद्रपुष्प याच चुकीमुळे गमावले होते आणि ते दुःख अजून विसरलेलो नाही.

स्पंजाचा विचार नंतर करू. आपल्या वर्णनातील सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे रात्री सहा तास बंद राहणारे वेव्हमेकर. चालू पंपाजवळचा जोरदार प्रवाह समुद्रपुष्पाला बहुधा सहन होत नाही आणि ते तेथून मागे सरते. बंद पंप मात्र त्याच्या दृष्टीने आडोसा असलेला आणखी एक खडकच असतो. ते रात्री सावकाश सरकत त्यावर चढते, खडकाला चिकटणारी पायाची चकती जाळीच्या फटीत रोवते आणि सकाळी टायमरने पंप सुरू केला की पाते थेट त्याच्या शरीरावर फिरते. त्याला हाडे नाहीत, कवच नाही. आत भरलेल्या पाण्याच्या दाबावरच त्याचा आकार टिकतो. म्हणून पंप चोवीस तास चालू ठेवा आणि रात्री प्रवाह कमी हवा असेल तर वेग कमी करता येणारा पंप घ्या. खाऊ घालताना पंप थांबवावा लागलाच, तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पंप डोळ्यांनी तपासा.

आता स्पंजाविषयी. लहान पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवून ठेवायच्या छोट्या पंपाच्या) नळीसारख्या तोंडावर जाडसर, मोठ्या छिद्रांचा स्पंज चांगले काम करतो. पण वेव्हमेकरला पाणी सर्व बाजूंनी मोकळेपणाने मिळावे लागते. त्यावर स्पंज घट्ट गुंडाळला की तो काही दिवसांत कचऱ्याने भरतो, प्रवाह मंदावतो आणि मोटरवर ताण येतो. त्यापेक्षा पंपाभोवती थोडे अंतर राखून प्लॅस्टिकच्या बारीक जाळीचा पिंजरा करावा. तेवढेच पाणी मोठ्या क्षेत्रातून आत गेल्याने जाळीच्या पृष्ठभागावरची ओढ इतकी कमी होते, की तेथे टेकलेले शुंडक, म्हणजे समुद्रपुष्पाचे बोटासारखे अंग, स्वतःहून सुटू शकते. धातूची जाळी मुळीच वापरू नका. ती गंजते आणि तांबे तर अपृष्ठवंशी प्राण्यांना विषच आहे.

दुसरे उत्तर:
पिंजऱ्याबाबत मी सहमत आहे. मात्र ओव्हरफ्लोवर तीच युक्ती करताना सावध राहा, कारण तेथील जाळी शेवाळाने तुंबली तर पाणी सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, उतरत नाही आणि टाकी काठावरून वाहू लागते. जाळी जितकी मोठी लावता येईल तितकी लावा आणि आपत्कालीन निचऱ्याचा मार्ग मोकळा ठेवा.

हीटर शक्य असेल तर सम्पमध्येच हलवा. हीटर बंद असताना समुद्रपुष्प त्याच्या काचेला चिकटते आणि तो तापला की पाय भाजतो. बाजारातील हीटरच्या आवरणांच्या फटी बहुधा इतक्या रुंद असतात, की त्यांतून पाय सहज आत जातो.

प्रश्नकर्ता:
रात्रीचा टायमर ही माझ्या मते माशांची काळजी होती. त्यातच खरा धोका असेल असे वाटले नव्हते. आणखी एक विचारतो: समुद्रपुष्प एका जागी राहावे यासाठी काही करता येते का? आणि इतके करूनही ते पंपात सापडलेच, तर प्रथम काय करावे?

तिसरे उत्तर:
ते भटकते तेव्हा त्याला प्रकाश, प्रवाह किंवा पाय रोवण्याची जागा यांपैकी काहीतरी मानवलेले नसते. बबल टिपला पाय खोल कपारीत लपवून फक्त शुंडके उजेडात पसरायला आवडते. त्यामुळे खोल भोक असलेला खडक मध्यम प्रवाहात, काचांपासून दूर, वाळूने वेढलेल्या बेटासारखा मांडा. पहिले काही दिवस सच्छिद्र प्लॅस्टिकच्या टोपलीत त्या खडकासह ठेवले, तर पाय पक्का रोवला जाईपर्यंत ते पंपापर्यंत पोहोचत नाही. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस स्थिर ठेवा. वारंवार जागा बदलून त्याला छळू नका. हलवलेले समुद्रपुष्पच अधिक फिरते.

ते पंपात अडकले, तर पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा. ओढून सोडवू नका. पंपाचे भाग सुटे करा आणि शक्य असेल तर त्याला स्वतःहून सुटू द्या. शुंडके तुटली असतील तर ती पुन्हा येतात, पण पायाला मोठी जखम झाली असेल तर आशा कमी असते. पाण्यात पसरलेले तुकडे आणि चिकट स्राव लगेच काढा, सक्रिय कोळसा टाका, मोठ्या प्रमाणावर पाणी बदला आणि अमोनिया मोजत राहा, कारण मेलेले एक समुद्रपुष्प लहान टाकीतील मासेही मारू शकते. तोंड उघडे पडून आतले भाग बाहेर आले, शरीर विरघळू लागले आणि कुजका वास सुटला, तर कितीही जिवावर आले तरी ते बाहेर काढावे लागते.

प्रश्नकर्ता:
टायमर आजच काढला. हीटर सम्पमध्ये नेईन आणि दोन्ही वेव्हमेकरना जाळीचे पिंजरे बसवून आधी काही आठवडे टाकी तशीच चालवून पाहीन, म्हणजे जाळी किती दिवसांत तुंबते ते कळेल आणि धुण्याचा दिवस ठरवता येईल. समुद्रपुष्प त्यानंतरच आणेन.